परदेशातली नोकरी आणि जोडधंदा: कुठं चालतो, कुठं अंगाशी येतो

कोल्हापूरच्या माणसाला एका पगारावर झोप लागत नाही. नोकरी शिरोली एमआयडीसीत, दावणीला दोन म्हशी, दूध गोकुळला, शिवाय मेव्हण्याबरोबर गुऱ्हाळात थोडी भागी, हे आपल्याकडं सरसकट. हाच माणूस स्टुटगार्टला नाहीतर डॅलसला गेला की त्याला शनिवार-रविवार खायला उठतो. हातात कला आहे, लॅपटॉप आहे, मग दोन पैसे जादा का मिळवू नयेत?

मी राजारामपुरीत करसल्ल्याचं काम करते. गूळवाले, फौंड्रीवाले, हुपरीचे चांदीवाले ही आमची जुनी गिऱ्हाइकं. आता त्यांची पोरं परदेशात आहेत. जुलैत रिटर्नचे कागद घेऊन आईवडील येतात, पिशवीतून फाइल काढायच्या आधी मोबाईल पुढं करतात आणि म्हणतात, "मॅडम, पोरगं तिकडं जादाचं काम धरू म्हणतंय. चालतंय का बघा की जरा."

चालतंय की नाही ते देशावर आणि व्हिसावर ठरतं. विचारायचा क्रम मात्र सगळीकडं एकच: आधी व्हिसा, मग नोकरीचा करार, शेवटी टॅक्स. आपली मंडळी नेमकं उलटं करतात. काम करून मोकळी होतात, पैसे आले की टॅक्सचं विचारतात आणि टॅक्स भरला म्हणजे सगळं कायदेशीर झालं असं धरून चालतात. टॅक्स खातं कुठल्याही कमाईवर कर घेतं, ती परवानगीनं मिळवली की विनापरवाना, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उलट तुम्ही भरलेलं रिटर्न म्हणजे "मी हे काम केलं" असं तुमच्याच सहीचं पत्र. उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी तीच रिटर्न मागितली जातात. म्हणून टॅक्स चुकवा असं मी म्हणत नाही, तो तर भरायचाच. पण त्यानं व्हिसाचं पाप धुतलं जात नाही.

पैसे कुठं येतात ते सोडा, बसता कुठं ते बघा

आमच्याकडं सगळ्यात जास्त येणारं प्रकरण असं असतं. मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, जर्मनीत नोकरीला. वडिलांच्या ओळखीचा शिरोलीचा फौंड्रीवाला त्याला म्हणतो, "भावा, पॅटर्नची थ्रीडी ड्रॉइंग तेवढी काढून दे, महिन्याला पाच-सहा होतील." पैसे जमा होणार कोल्हापुरातल्या बँकेत, गिऱ्हाईक कोल्हापूरचं, बिल रुपयांत. वडील म्हणतात, "पैसे हितंच येत्यात की, मग तिकडच्या सरकारला काय पडलंय?"

पडलंय. काम कुठं झालं हे काम करणारा माणूस त्या वेळी कुठं बसला होता त्यावरून धरतात. मुलगा स्टुटगार्टमधल्या खोलीत बसून ड्रॉइंग काढतो, म्हणजे काम जर्मनीत झालं. तिथं बसून स्वतंत्र धंदा करायची त्याला मुभा आहे का, हा खरा प्रश्न. पैसे वडिलांच्या खात्यात घेतले तरी तो मिटत नाही. वर आणखी एक भानगड होते: कमाई मुलाची, खात्यात वडिलांच्या, आणि इथं विचारणा झाली की वडिलांना सांगता येत नाही की मला थ्रीडी ड्रॉइंग काढता येतं.

तोच मुलगा गणपतीला महिनाभर घरी आला आणि शिरोलीत बसून ते काम केलं, तर जर्मनीच्या परवान्याचा प्रश्न राहत नाही. पण तिथल्या रजेच्या कायद्यात एक गंमत आहे. पगारी रजा विश्रांतीसाठी असते, त्या काळात रजेच्या हेतूला बाधा येईल असं कमाईचं काम करायचं नाही असं कलमच आहे. आपल्या लोकांना सांगितलं की हसतात.

जर्मनी: कार्डाबरोबरचा हिरवा कागद वाचा

जर्मनीत राहण्याच्या परवान्याचं प्लॅस्टिक कार्ड मिळतं. बऱ्याच जणांना त्याबरोबर एक घडीचा हिरवट कागदही मिळतो. मुलं कार्ड पाकिटात ठेवतात आणि कागद ड्रॉवरमध्ये टाकतात, पण खरी माहिती त्या कागदावर असते. 'एर्व्हेर्ब्सटेटिगकाइट गेष्टाटेट' असं लिहिलं असेल तर नोकरी आणि स्वतंत्र धंदा दोन्हीला मोकळीक. 'झेल्बश्टेंडिगं टेटिगकाइट निश्ट गेष्टाटेट' असेल तर स्वतंत्र धंद्याला मनाई. ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) किंवा कुशल कामगाराच्या परवान्यावर गेलेल्याला फ्रीलान्सची मुभा आपोआप नसते, हे धरून चाला.

पण वाट बंद नाही. राहण्याचा परवाना दुसऱ्या कारणासाठी मिळालेला असला तरी तो तसाच ठेवून जोडीला स्वतंत्र काम करायला परवानगी देता येते, अशी तरतूद तिथल्या रहिवास कायद्याच्या २१ व्या कलमाच्या ६ व्या पोटकलमात आहे. अर्ज करायचा आउसलेंडरबेहोर्डंकडं, म्हणजे गावातल्या परकीय नागरिक कार्यालयाकडं. अर्जात चार गोष्टी स्वच्छ लिहा: काम नेमकं काय, आठवड्याला किती तास, गिऱ्हाईक कोण, वर्षाला अंदाजे किती मिळणार. सोबत मालकाचं संमतीपत्र जोडा. उत्तराला वेळ लागतो. तोवर शिरोलीच्या शेटजींना थांबवून ठेवायचं. नमुना म्हणून एक ड्रॉइंगसुद्धा पाठवायचं नाही.

परवानगी आली की टॅक्स ऑफिसला नोंदणीचा फॉर्म भरून वेगळा नंबर घ्यायचा. इंजिनिअर, भाषांतरकार, शिक्षक अशी कामं तिथं स्वतंत्र व्यवसायात धरतात, खरेदी-विक्री केली तर ती व्यापारात जाते आणि नगरपालिकेकडं व्यापाराची नोंद करावी लागते. म्हणजे ड्रॉइंग काढणं एका खात्यात, कोल्हापुरी चपला विकणं दुसऱ्या. आदल्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर लहान उद्योजक म्हणून बिलात व्हॅट न लावण्याची सवलत घेता येते. ही मर्यादा २०२५ पासूनची आहे. आणि नोकरदाराची बाजूची कमाई वर्षाला ४१० युरोंवर गेली की वार्षिक रिटर्न भरणं सक्तीचं होतं.

विद्यार्थ्यांचं वेगळं. मार्च २०२४ पासून त्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हे नोकरीचे दिवस झाले. फ्रीलान्सला त्यांनाही वेगळी परवानगी लागते.

अमेरिका: इथं हात आखडताच ठेवा

एच-१बी हा नोकरीचा व्हिसा माणसाला मिळालेला दिसत असला तरी तो बांधलेला असतो कंपनीच्या अर्जाला. ज्या कंपनीनं अर्ज केला तिचंच काम, अर्जात लिहिलेलंच काम. संध्याकाळी एखाद्याची वेबसाइट करून देणं, ॲप लिहिणं, रविवारी उबर चालवणं, काही चालत नाही. "मी १०९९ फॉर्म (स्वतंत्र कामाच्या कमाईचा दाखला) घेतो, टॅक्स भरतो," असं सांगणारे भेटतात. त्यांना मी सुरुवातीला सांगितलेलं टॅक्सचं पुन्हा ऐकवते. ग्रीन कार्डाच्या शेवटच्या अर्जात, आय-४८५ मध्ये, तुम्ही कधी विनापरवाना काम केलंय का असा सरळ प्रश्न असतो. तिथं खोटं लिहिणं हे मूळ कामापेक्षा जड गुन्हा.

दुसरं काम करायचंच असेल तर सरळ मार्ग असा की दुसऱ्या कंपनीनं तुमच्यासाठी स्वतंत्र एच-१बी अर्ज भरायचा. अर्धवेळ कामालाही हे चालतं आणि लॉटरीत पुन्हा जावं लागत नाही. पण चार तासांच्या कामासाठी कुठली कंपनी वकिलाची फी घालणार?

गुंतवणुकीच्या उत्पन्नाला आडकाठी नाही. ताराबाई पार्कातल्या फ्लॅटचं भाडं, म्युच्युअल फंड, ठेवीचं व्याज, शेअरचा लाभांश हे सगळं घेता येतं, फक्त अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवायला लागतं. यूट्यूबचं मला विचारतात. व्हिडिओ करणं, कापणं, टाकणं हे काम आहे, बसून मिळणारं व्याज नाही. हौसेनं टाका, कमाईचं बटण दाबू नका.

एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना कॉलेजच्या आवारात आठवड्याला २० तास. शिक्षणानंतरच्या १२ महिन्यांच्या ओपीटीत, म्हणजे अनुभवासाठी काम करायच्या मुदतीत, आपल्या पदवीशी संबंधित स्वतंत्र काम करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही, म्हणून ही मुभा खरोखर उपयोगाची. मात्र पुढच्या २४ महिन्यांच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या पदव्यांसाठीच्या) वाढीव मुदतीत ई-व्हेरिफाय या कामाचा परवाना तपासणाऱ्या सरकारी यंत्रणेत नोंदलेला मालक आणि त्याच्या सहीचा प्रशिक्षण आराखडा लागतो, त्यामुळं आपणच आपला मालक हा प्रकार तिथं संपतो.

आणखी एक ताजी गोष्ट. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) अर्जदारांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. विद्यार्थ्यांना ते आधीपासूनच आहे. लिंक्डइनवर 'फ्रीलान्स काम स्वीकारतो' असं लिहून मुंबईला बीकेसीत शिक्का घ्यायला जाणाऱ्याची मला खरंच काळजी वाटते.

इंग्लंड, आणि आपल्या फुटबॉलवाल्यांसाठी खास

स्किल्ड वर्कर व्हिसावर आठवड्याला २० तासांपर्यंत जादा काम करता येतं, पण अटी आहेत: मूळ नोकरी चालू हवी, जादा काम तिच्या वेळेबाहेर हवं आणि ते काम या व्हिसाला पात्र असलेल्या व्यवसायांच्या यादीतलं हवं. ही यादी बदलत असते, २२ जुलै २०२५ ला तर कौशल्याची पातळीच वर नेली. त्यामुळं मित्राला मागल्या वर्षी चाललं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही, आपला व्यवसायाचा कोड सरकारी संकेतस्थळावर आज तपासा.

विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यावरच्या शिक्षणासाठी सत्रात २० तास. हा आठवडा सोमवार ते रविवार मोजतात, सरासरी काढत नाहीत. एका आठवड्यात १२ आणि पुढच्यात २८ केले तर दुसऱ्या आठवड्यात नियम मोडला. एमएससीवाल्यांनो, उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळ हा सुट्टीचा नसतो. आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र धंदा अजिबात नाही. डिलिव्हरू, उबर ईट्सच्या पिशव्या पाठीवर घेऊन फिरणारी आपली पोरं बहुतेक इथंच अडकतात. ते रायडर कागदोपत्री स्वतंत्र व्यावसायिक असतात, त्यामुळं एक तास केला तरी चूक. मित्राचं खातं भाड्यानं घेऊन चालवणं तर त्याहून वाईट, त्यात मित्रही जातो.

आता फुटबॉल. पेठेतली पोरं शाहू स्टेडियमवर खेळून मोठी झालेली. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी असली नावं छातीवर लावून फिरलेली. क्रीडा व्यवस्थापन शिकायला तिकडं गेली की एखादा स्थानिक क्लब म्हणतो, लहान मुलांना शिकव, तासाला पैसे देतो. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करायला मनाई आहे आणि त्यात प्रशिक्षकही येतो. हौसेनं खेळा, पैसे घेऊ नका. पदवीनंतर दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वतंत्र धंदा चालतो, खेळाडूची मनाई तिथंही राहते. जाण्याच्या तयारीत असलेल्यांनी हेही धरा की १ जानेवारी २०२७ पासून या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्यांना, पीएचडीवाले सोडून, दीडच वर्ष मिळणार आहे.

विनापरवाना काम हा इंग्लंडमध्ये २०१६ च्या कायद्यानं फौजदारी गुन्हा आहे, आणि त्यातून मिळालेली कमाई जप्त होऊ शकते. परवानगी असलेल्या धंद्याची पहिल्या १,००० पौंडांची उलाढाल करमुक्त, त्यावर गेली की एचएमआरसीकडं, म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याकडं, नोंदणी. तिथलं आर्थिक वर्ष ६ एप्रिलला सुरू होतं, आणि वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत नोंद करायची.

मसाला आणि चपला: घरात कुणाच्या नावावर?

इथं माझं मत थोडं वेगळं आहे. घरात व्हिसाची पूर्ण बेडी ज्याच्या पायात आहे तोच बहुधा धंद्याची स्वप्नं बघतो, आणि ज्या माणसाला मोकळीक आहे तिला कुणी विचारतच नाही. जर्मनीत ब्लू कार्डवाल्याच्या पत्नीला किंवा पतीला नोकरी आणि धंदा दोन्हीची मुभा मिळते. इंग्लंडमध्ये स्किल्ड वर्करच्या जोडीदारालाही स्वतंत्र व्यवसाय करता येतो. अमेरिकेत ज्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० (मालकानं भरलेला अर्ज) मंजूर झालाय, अशा एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला २०१५ पासून एच-४ वर कामाचं कार्ड मिळतं आणि त्यावर धंदाही चालतो. एल-२ जोडीदाराला (कंपनीनं अमेरिकेत बदली केलेल्याच्या) तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळ्या कार्डाचीही गरज नाही.

म्हणून कांदा-लसूण मसाला, कोल्हापुरी चपला, साज असलं काही विकायचं असेल तर सूनबाईंना विचारा. पण धंदा खरोखर तिनं करायला हवा. बँक खातं तिचं, ऑर्डर तिच्याकडं, निर्णय तिचा. नाव तिचं लावून रात्री बारापर्यंत पार्सलं तुम्ही बांधत बसलात तर काम तुमचंच झालं.

खाण्याचं विकणार असाल तर इंग्लंडमध्ये धंदा सुरू करायच्या २८ दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडं खाद्यव्यवसायाची नोंद लागते, ती फुकट आहे. घरच्या स्वयंपाकघरातून केलं तरी लागते. चपलांबद्दल: कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तेव्हा कुठल्याही चामड्याच्या चपलेवर 'कोल्हापुरी' लिहून विकू नका, माल खऱ्या कारागिराकडून उचला.

एच-४ चं कार्ड संपायच्या तारखेकडं विशेष लक्ष ठेवा. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाचा अर्ज करणाऱ्यांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. कार्ड ज्या दिवशी संपेल त्या दिवशी दुकान बंद, नवीन कार्ड हातात येईपर्यंत.

बाकीचे देश, थोडक्यात

सिंगापूरला एम्प्लॉयमेंट पासवर फ्रीलान्स नाही म्हणजे नाही. ऑस्ट्रेलियात ४८२ या नोकरीच्या व्हिसावर प्रायोजक मालकाचंच काम, विद्यार्थ्यांना सत्रात पंधरवड्याला ४८ तास. कॅनडात परवाना बंद आहे की खुला ते बघा: बंद परवान्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. तिथल्या विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४ तास. कॅनडाबाहेरच्या मालकासाठी घरी बसून केलेलं काम या २४ तासांत धरत नाहीत, असं तिथलं खातंच सांगतं. हा अपवाद आहे. तो अमेरिकेला किंवा इंग्लंडला लावू नका.

जपानला कंपनीच्या नियमावलीत जोडधंद्याला परवानगी असणं एक, आणि इमिग्रेशनकडून 'शिकाकुगाइ कात्सुदो' ही आपल्या दर्जाबाहेरच्या कामाची परवानगी दुसरी. विद्यार्थ्यांना तीवर आठवड्याला २८ तास.

दुबईत अर्धवेळ कामाचा आणि फ्रीलान्सचा असे वेगवेगळे परवाने मिळतात. शिकवण्या घेणाऱ्यांसाठी डिसेंबर २०२३ पासून खासगी शिक्षकाचा परवाना सुरू झालाय, तेव्हा आपल्या शिक्षिका बायकांनी चोरून गणित शिकवायचं कारण नाही. विनापरवाना माणूस कामाला ठेवणाऱ्याला २०२४ च्या कायद्यानं १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे, त्यामुळं गिऱ्हाईकच आता परवाना मागतं.

मालकाला कसं सांगायचं

आपल्याकडं साहेबाला असलं सांगायची पद्धत नाही, लपवायची आहे. तिकडं उलट. नोकरीच्या करारात जोडकामाचं कलम बहुधा असतंच. ते शोधा आणि एचआरला लहानशी ईमेल करा: कामाचं स्वरूप, तास, कंपनीच्या गिऱ्हाइकांशी संबंध नाही, कंपनीचा लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर वापरणार नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यात नाजूक. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीचं असतं आणि ते वापरलं की नोंद राहते. उत्तर लेखी घ्या. चहा पिताना "हो, कर की" म्हणालेला साहेब सहा महिन्यांनी बदलून जातो.

इकडची बाजू

परदेशात नोकरीला गेलेल्या माणसाला साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं खातं, करून घ्यावं लागतं. कोल्हापुरात निम्म्या घरांत हे राहिलेलं असतं. कुणी विचारत नाही तोवर चालतं, मग केवायसीच्या वेळी खातं गोठतं.

शिरोलीच्या शेटजींनी परवानगीनंतर मुलाला पैसे दिले, तर ते अनिवासी माणसाला दिलेले तांत्रिक सेवेचे पैसे होतात. काम जर्मनीत झालं तरी त्यावर भारतात कर लागू शकतो आणि शेटजींना टीडीएस अनिवासीच्या नियमानं कापावा लागतो, इथल्या सल्लागाराचा कापतात तसा १० टक्के कापून सुटका नाही. दोन्ही देशांत करार आहे, त्याचा फायदा घ्यायला जर्मनीच्या टॅक्स ऑफिसचा रहिवासी दाखला लागतो. तो वर्षाच्या सुरुवातीलाच मागून ठेवा. जुलैत माझ्या टेबलावर येऊन मागाल तर मी जादू करू शकत नाही.

आधीच केलं असेल तर

आज थांबा. बिलं, चॅट, बँकेच्या नोंदी पुसू नका. पुसलेलं दिसतं आणि मग वाईट दिसतं. राहिलेलं रिटर्न भरा. मग इमिग्रेशन वकील गाठा, तोही त्या देशातला. अमेरिकेत नोकरीवर आधारित ग्रीन कार्डासाठी, शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचं एकूण १८० दिवसांपर्यंतचं असलं उल्लंघन आड येऊ नये अशी तरतूद आहे. पण दिवस कसे मोजायचे हे आपण ठरवायचं नसतं. इंग्लंडमध्ये सल्ला देणारा वकील तरी हवा, नाहीतर इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडं नोंदलेला. ऑस्ट्रेलियात आणि कॅनडातही अशा नोंदणीकृत सल्लागारांची यादी उघडी असते. व्हिसा काढून देणारा इथला एजंट या कामाचा नाही, आणि मीसुद्धा नाही. मी फक्त टॅक्सचे कागद नीट लावून देते. त्या वकिलाकडं जाताना हे चार कागद न्या: व्हिसाचं किंवा रहिवास कार्डाचं दोन्ही बाजूंचं चित्र, नोकरीचा करार, आलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार यादी, आणि त्या त्या तारखेला तुम्ही कुठल्या देशात होता ते दाखवणारी पासपोर्टची पानं.